वाचनाच्या तासासाठी नेटवर काय शोधायचं, कुठं शोधायचं

गूगलवर ‘मराठी बालकथा पीडीएफ’ एवढंच टाकून पाहा. ससा-कासव, लाकूडतोड्या, टोपीवाला आणि माकडं. प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरांत ‘तात्पर्य’. मधेमधे कर्जाच्या नि नोकरभरतीच्या जाहिराती, आणि शुद्धलेखन असं की चौथीच्या पोरानं लाल पेन मागावं. म्हणून माझा पहिला नियम: शोधाच्या रकान्यात ‘बालकथा’, ‘छान गोष्ट’, ‘वर्कशीट’ असले मोघम शब्द टाकायचेच नाहीत. पुस्तक आधी ठरवायचं आणि मग त्या पुस्तकाच्या अवतीभवती शोधायचं.

मी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. बऱ्याच लेकरांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. शाळेतला टीव्ही लोकवर्गणीतून आला, नेट माझ्या मोबाइलचं आणि रंगीत प्रिंट काढायची तर तालुका गाठावा लागतो. इथं लिहिलंय ते एवढ्या सामानात चालणारं आहे.

पुस्तक ठरवायचं तर आधी लेकरं कुठवर आलीत ते कळायला हवं. त्यासाठी मी ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीतला वाचनाचा कागद वापरते. ही पाहणी 2005 पासून होते आणि तिची साधनं असर सेंटरच्या संकेतस्थळावर मराठीतही आहेत. अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच त्यात असतं. एकेकाला जवळ बसवून वाचायला लावायचं, बाकीच्यांच्या देखत नाही. त्याचे गुण मांडू नका, पालकसभेत वाचून दाखवू नका. पुस्तक निवडण्यापुरताच तो कागद. माझ्या वर्गात गोष्ट घडाघडा वाचणारी आणि शब्दाला अडणारी पोरं एकाच बाकावर बसतात. त्यामुळे मला नेहमी दोन प्रकारची पुस्तकं लागतात: एक सगळ्यांना मिळून ऐकवायचं आणि बाकीची ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. नेटवर या दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत.

हातात द्यायची पुस्तकं

इथं सुरुवात स्टोरीवीव्हरपासून करा. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेनं 8 सप्टेंबर 2015 रोजी, साक्षरता दिनाला, हे संकेतस्थळ सुरू केलं. वाचायला पैसे पडत नाहीत. डाउनलोड करत राहायचं असेल तर एक मोफत खातं उघडून ठेवा. शोधाच्या पानावर डावीउजवीकडे गाळण्या (फिल्टर) असतात. भाषा ‘मराठी’ निवडा, मग पातळी. पहिल्या पातळीची पुस्तकं 250 शब्दांच्या आतली, दुसरी 600 शब्दांपर्यंत, तिसरी 1500 पर्यंत आणि चौथी त्याहून मोठी. विषयाची गाळणी मी फारशी वापरत नाही. चित्रं बघत खाली सरकत गेलं की पंधरा मिनिटांत पाच-सहा पुस्तकं बाजूला निघतात.

पण पातळीवर डोळे झाकून विसंबू नका. ती ठरते मुख्यतः शब्दांच्या संख्येवर आणि गोष्टीच्या अवघडपणावर. मराठी वाचायला शिकणारं लेकरू अडतं ते जोडाक्षरावर, रफारावर, वेलांटी-उकारावर. पहिल्या पातळीच्या पुस्तकात ‘स्वयंपाकघर’ किंवा ‘आश्चर्य’ आलं तर शब्दाला अडणारं पोर तिथंच थांबतं आणि पान उलटून चित्रं बघू लागतं. म्हणून मी पुस्तक उघडून आधी जोडाक्षरं मोजते. पानाला एक-दोन असतील आणि तेच शब्द पुन्हापुन्हा येत असतील तर पुस्तक कामाचं. उलट चौथ्या पातळीतलं एखादं पुस्तक सरळ बोलीतलं असेल तर तिसरीतली पोरं आरामात वाचतात.

दुसरी तपासणी भाषेची. स्टोरीवीव्हरवर कोणीही भाषांतर करू शकतं. त्यामुळे तिथं फार सुंदर मराठी आहे आणि हिंदीवरून उतरवलेलं लंगडं मराठीही आहे. एकच कसोटी: पहिली तीन पानं मोठ्यानं वाचा. तुमची जीभ अडखळली तर पोरांची अडखळणारच. शेवटच्या पानावर लेखक, चित्रकार, भाषांतरकार आणि मूळ प्रकाशक यांची नावं असतात. एखाद्या भाषांतरकाराचं मराठी आवडलं की त्याच नावावर टिचकी मारून त्याची बाकीची पुस्तकं काढायची. नवं काही शोधण्यापेक्षा हा रस्ता जवळचा पडतो.

याच संकेतस्थळावर एक पुस्तक अनेक भाषांत असतं. गोंडी आणि कोरकूतलीही पुस्तकं तिथं आहेत, त्यामुळे गडचिरोली-मेळघाटातल्या शिक्षकांनी ते जरूर चाळावं. माझ्याकडे तांड्यावरची काही लेकरं आहेत, घरी आईला ‘याडी’ म्हणणारी. त्यांच्यासाठी मी गोष्टीतली फक्त चित्रं टीव्हीवर लावते आणि त्यांनाच गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बंजारा बोलीत, सांगायला लावते. बाकीचा वर्ग ऐकतो, अंदाज बांधतो. मग आम्ही मराठी मजकूर उघडतो. त्या दिवशी वर्गात सगळ्यात हुशार कोण, याचं उत्तर बदलतं.

2020 साली शाळा बंद असताना शिक्षण विभाग, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांनी ‘गोष्टींचा शनिवार’ चालवला होता. दर शनिवारी इयत्तेनुसार एक गोष्ट यायची. त्या याद्या जुन्या व्हॉट्सॲप गटांत अजून सापडतात. निवड कोणीतरी आयती करून ठेवली आहे. शोधून काढा आणि वहीत उतरवून घ्या.

राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे दुसरं ठिकाण. नॅशनल बुक ट्रस्टच्या देखरेखीखाली ते 2024 मध्ये सुरू झालं. पुस्तकं वयानुसार लावलेली आहेत: 3 ते 8, 8 ते 11, 11 ते 14, 14 ते 18. नोंदणी करून ॲपमध्ये वाचता येतात. वर्गात छापून वाटायला मात्र स्टोरीवीव्हरच बरं.

शाळांसाठीच्या दीक्षा या सरकारी ॲपबद्दल थोडक्यात: बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकातल्या धड्यासाठी ठीक आहे. अवांतर वाचनाचा तास त्यावर चालत नाही.

‘किशोर’चे जुने अंक

इथं थोडं थांबते, कारण बऱ्याच शिक्षकांना हे ठाऊकच नसतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर 1971 मध्ये निघालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं नेटवर मोफत ठेवले आहेत. वर्ष निवडा, महिना निवडा, अंक उघडा. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं तिथं पडून आहे आणि चित्रं अशी की मोठ्यांनीही रमावं.

अडचण एवढीच की ही पानं स्कॅन केलेली आहेत. गोष्टीचं नाव गूगलमध्ये टाकलं तर ती सापडेलच असं नाही. अंक एकेक करून चाळावे लागतात. मी हे काम मे महिन्यात करते आणि एका साध्या वहीत नोंद ठेवते: वर्ष, महिना, पान, काय आहे, किती मोठं आहे, कुणाला चालेल. कोडी, चार ओळींच्या कविता, पत्रं, ‘करून पाहा’सारखी पानं यांच्या वेगळ्या खुणा. श्रावणात पावसाची कविता हवी झाली की वही उघडायची.

शब्दाला अडणाऱ्या मुलांना ‘किशोर’चं पान तसंच्या तसं देऊ नका. अक्षर बारीक असतं आणि ओळी दाट असतात. एक परिच्छेद निवडा आणि मोठ्या अक्षरांत नव्यानं टाइप करा. टाइप करायचा कंटाळा असेल तर पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. फोटोतली अक्षरं मजकूर होऊन येतात, मराठीसुद्धा. मोबाइलवर गूगल लेन्सनंही होतं. फक्त नंतर डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’, ‘ष’चा ‘प’ हमखास होतो आणि रफार उडतो. हाच उपाय जुन्या फॉन्टच्या फाइलींनाही लागू पडतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा खच पडतो. त्यातून कॉपी करण्याऐवजी पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि डॉक्समध्ये उघडायचा.

पुण्याच्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळही असंच चाळायचं. खेळण्यांसाठी ते प्रसिद्ध आहे, पण तिथं पुस्तकांचाही मोठा साठा आहे आणि मराठीचा कप्पा वेगळा आहे. विज्ञानाची गोष्ट वाचली की तिथलंच खेळणं करून बघता येतं. काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, स्ट्रॉ एवढं सामान पुरतं.

ऐकवायचं पुस्तक: तोत्तोचानचं उदाहरण

मिळून ऐकायचं पुस्तक बहुतेक वेळा नेटवर नसतं, आणि नसलेलंच बरं. ते विकत घ्या किंवा केंद्रशाळेच्या ग्रंथालयातून आणा. नेटवर शोधायचं ते त्याच्या भोवतीचं. कसं, ते एका पुस्तकावरून सांगते. चौथीला मी दर वर्षी ‘तोत्तोचान’ वाचून दाखवते. तेत्सुको कुरोयानागी यांचं, त्यांच्याच शाळेच्या दिवसांवरचं हे जपानी पुस्तक 1981 मध्ये आलं; तोत्तोचान म्हणजे छोट्या तेत्सुको. मराठी भाषांतर चेतना सरदेशमुख गोसावी यांचं आहे आणि ते नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं आहे. रोज एक प्रकरण, जेवणाच्या सुट्टीनंतर.

शोधायला बसण्याआधी पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करा: लेकरं कुठं अडतील? तोत्तोचानमध्ये पहिल्याच टप्प्यात रेल्वेचे डबे येतात. तिची शाळा, तोमोए, रेल्वेच्या रिकाम्या डब्यांत भरायची. आमच्या बीडला रेल्वे आली तीच सप्टेंबर 2025 मध्ये. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी डबा आतून पाहिलेला नाही. भिंतीवर रेल्वे रंगवलेल्या जिल्हा परिषद शाळा त्यांना माहीत आहेत, त्यामुळे त्यांना वाटतं, तोत्तोचानची शाळाही रंगवलेलीच असेल.

आता शोध. मराठीत ‘तोत्तोचान शाळा’ टाकलं तर पुस्तकाची परीक्षणं येतात. ती वर्गाच्या कामाची नाहीत. पुस्तकातली विशेषनामं घ्या: तोमोए, मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी, चित्रकर्ती चिहिरो इवासाकी. विकिपीडियावर त्या नावाचं इंग्रजी पान उघडा आणि भाषांच्या यादीतून जपानी पानावर जा. तिथलं जपानी लिपीतलं नाव कॉपी करून गूगलच्या चित्रशोधात चिकटवा. जपानी वाचता यायची गरज नाही. ब्राउझर पानाचं कामचलाऊ भाषांतर करून देतो. या वाटेनं मला नागानो प्रांतातल्या आझुमिनो चिहिरो पार्कचे फोटो मिळाले. तिथं 2016 मध्ये तोत्तोचानच्या नावाचा चौक झाला आणि जुने रेल्वेडबे आणून त्यात तोमोएचा वर्ग उभा केला आहे. बाकं, फळा, खिडक्या, सामान ठेवायच्या फळ्या, सगळं दिसतं. हे फोटो लावल्यावर मला काही समजावून सांगावं लागत नाही.

ही युक्ती कुठल्याही परक्या मुलखातल्या पुस्तकाला चालते. पुस्तक ज्या भाषेत लिहिलं गेलं त्या भाषेत शोधा.

इवासाकींबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट हाती लागते. त्या 1974 मध्येच वारल्या, म्हणजे पुस्तक येण्याच्या सात वर्षं आधी. तोत्तोचानसोबत दिसणारी त्यांची चित्रं त्या पुस्तकासाठी काढलेलीच नाहीत; लेखिकेनं ती त्यांच्या चित्रांमधून निवडली. हे कळल्यावर मी वर्गात एक खेळ सुरू केला. ‘किशोर’मधलं एखादं चित्र द्यायचं आणि आज वाचलेल्या प्रकरणात ते कुठं बसेल ते शोधायला लावायचं. कारण सांगता आलं पाहिजे. दहा प्रश्नांच्या स्वाध्यायापेक्षा यात जास्त वाचन होतं, कारण पोरं पटावं म्हणून पुन्हा पुस्तक उघडतात.

पुढं यासुआकी येतो, पोलिओ झालेला मुलगा, ज्याला तोत्तोचान झाडावर चढवते. माझ्या लेकरांना पोलिओ म्हणजे ‘दोन थेंब’ एवढंच माहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्या पिढीनं हा आजार बघितलेला नाही, ही चांगलीच गोष्ट. यासाठी मी लसीकरणाच्या जाहिराती दाखवते आणि गावातल्या आशाताईंना वर्गात बोलावते. सगळं नेटवरूनच यायला हवं असं कुठं आहे?

डब्यात ‘थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरातलं’ आणायचा नियम असलेलं प्रकरण आलं की पोरं स्वतःच विचारतात, आपल्याकडे समुद्र कुठाय? नकाशा उघडायचा तो तेव्हा. आधी उघडला तर भूगोलाचा तास होतो.

पुस्तकावर 2023 मध्ये जपानमध्ये ॲनिमेशनपटही आला. तो, किंवा त्याची झलक, पुस्तक संपेपर्यंत दाखवायची नाही, हे माझं ठाम मत आहे. पडद्यावरची तोत्तोचान एकदा बघितली की डोक्यातली पुसली जाते.

इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांसाठी अमेरिकेतल्या रीडिंग रॉकेट्सवर वाचनाआधी, वाचताना आणि वाचून झाल्यावर काय करायचं ते सुटसुटीत मांडलेलं आहे. मी त्यातल्या पद्धती उचलते, त्यांची पुस्तकं नाही. मराठीत याच कामासाठी पालघरच्या वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट संस्था बघा. त्यांच्या ‘गोष्टरंग’मध्ये तरुण कलाकार मुलांच्या गोष्टी नाटकातून आश्रमशाळांत सादर करतात. गोष्ट कशी उभी करायची, थांबायचं कुठं, आवाज कुठं खाली आणायचा, हे पाहून शिकण्यासारखं आहे. पुस्तकं निवडण्याबद्दल आणि मुलांच्या वाचनाबद्दल सावकाश वाचायचं असेल तर ‘पालकनीती’ मासिकाचे जुने लेखही नेटवर आहेत.

मोबाइलमधून वर्गात

साहित्य सापडणं सोपं, ते पोरांसमोर नीट येणं अवघड.

शाळेच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तर तो पीडीएफ उघडेलच असं नाही. बरेच टीव्ही फक्त फोटो आणि व्हिडिओ ओळखतात. म्हणून पुस्तकाची पानं जेपीजी फोटोंमध्ये बदलून घ्या. त्यांना नावं 01, 02, 03 अशी द्या. नुसतं 1, 2, 3 दिलं तर टीव्ही एकनंतर दहावं पान दाखवतो आणि गोष्ट तिथंच फसते. मोबाइलची स्क्रीन थेट टीव्हीवर टाकणार असाल तर आधी पुस्तक डाउनलोड करा आणि सूचना बंद करा. केंद्रप्रमुखांचा ‘माहिती तातडीने सादर करा’ असा निरोप ऐन रंगात आलेल्या गोष्टीवर झळकला की चौथीचा वर्ग हसायचा थांबत नाही.

छपाईचं सांगते. झेरॉक्सवाल्याकडे काळी-पांढरी प्रत काढायची असेल तर पुस्तक निवडतानाच बघा: मजकूर पांढऱ्या जागेवर आहे की चित्रावर? गडद चित्रावर छापलेला मजकूर झेरॉक्समध्ये वाचता येत नाही. रात्रीची, जंगलाची, पाण्याखालची गोष्ट म्हणजे सगळं पान काळं आणि शाईचं बिल वेगळं. अशी पुस्तकं टीव्हीसाठी ठेवा. स्टोरीवीव्हरची पीडीएफ ए4 आडव्या पानाची असते. एका कागदावर दोन पानं छापून मधे दुमडली की लहान पोराच्या हाताला बसेल एवढं पुस्तक होतं. कडा दोऱ्यानं शिवा. पिना गंजतात आणि बोटाला लागतात. चित्रं मुलांनाच रंगवायला द्या. रंगवायला बसलेलं पोर मजकूर दोनदा वाचतं, कारण फ्रॉक कोणत्या रंगाचा ते त्यात लिहिलेलं असतं.

यूट्यूबवरची गोष्ट दाखवायची तर आधी पूर्ण बघा, शेवटपर्यंत. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं बंद ठेवा. वेग थोडा कमी करा. बरेच निवेदक बस सुटल्यासारखे बोलतात.

आवाज

नेटवर मराठी गोष्टींचे आवाज कमी नाहीत. स्टोरीवीव्हरवर काही पुस्तकांना आवाज जोडलेला आहे आणि वाचता वाचता शब्द उजळत जातो. गूगलचं रीड अलाँग 2020 मध्ये मराठीसह नऊ भाषांत आलं. मूल मोठ्यानं वाचतं आणि ॲप ऐकतं. घरी मोबाइल असणाऱ्या लेकरांना बरं आहे. वर्गात एका मोबाइलवर तीस जण, तेही कलकलाटात, तिथं त्याचा पाड लागत नाही.

माझा भर आपल्याच आवाजावर आहे. पोरं कारखान्याकडं जातात तेव्हा पुस्तक संपलेलं नसतं. काही हंगामी वसतिगृहात मागं राहतात, काही शिक्षण हमी कार्ड घेऊन तिकडच्या शाळेत बसतात आणि काही कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळतात. त्यांच्या आईबापाचा फोन रात्री, तोड संपल्यावर, मोकळा होतो. म्हणून मी प्रकरण वर्गात वाचतानाच रेकॉर्ड करते आणि व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप म्हणून पाठवते. व्हिडिओ पाठवायचा नाही; फडात रेंज नसते आणि दिवसाचा डेटा एका गाण्यात संपलेला असतो. एक प्रकरण तीन तुकड्यांत पाठवा, म्हणजे अर्धवट उतरलं तरी काहीतरी ऐकता येतं. तुकड्याच्या सुरुवातीला प्रकरणाचं नाव बोला. शेवटी एक प्रश्न, असा की ज्याचं उत्तर आवाजातच परत येईल: ‘तू असतीस तर यासुआकीला कसं चढवलं असतंस?’ उत्तरं दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकवते. गेलेलं पोर त्यामुळे हजेरीतून गेलं तरी गोष्टीतून जात नाही. मुलांचे हे आवाज शाळेबाहेरच्या गटात टाकायचे नाहीत, पालकांनी हौसेनं मागितले तरी.

पाठवायचं काय, छापायचं काय

‘शिक्षणासाठी सगळं चालतं’ असं शिक्षकांच्या गटात सर्रास म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या प्रतीला सूट आहे. वर्गासाठी एका प्रकरणाची प्रत काढली, तर त्याला आधार आहे. पण सध्या दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाची अख्खी पीडीएफ जिल्ह्याच्या गटात टाकणं म्हणजे शिकवणं नव्हे. मराठीत चांगली चित्रपुस्तकं काढणारे प्रकाशक मोजके आहेत. त्यांची पुस्तकं विकत घेतली नाहीत तर पुढची निघणार नाहीत. शाळा अनुदानातून दर वर्षी थोडी तरी घ्या.

स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं मुक्त परवान्याची असतात. लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून ती छापा, वाटा, बदलासुद्धा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं झाली की लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे 2011 पासून त्यांचं लेखन मुक्त आहे. असं जुनं मराठी साहित्य मराठी विकिस्रोतावर शोधा. तिथं मजकूर टाइप केलेला मिळतो, म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

सोडून द्यायच्या गोष्टी

रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो’ असल्या तयार पीडीएफ. त्या भरायला पुस्तक वाचावंच लागत नाही. शेजारच्याचं बघून भरतात. रंगीबेरंगी पार्श्वभूमीवर नाचणारी अक्षरं असलेले व्हिडिओही सोडा. पोरं नाचच बघतात.

आणि एआयला मराठी बालपुस्तकाबद्दल विचारताना जपून. पुस्तकात नसलेली पात्रं आणि न घडलेले प्रसंग ते बिनदिक्कत सांगतं, तेही इतक्या आत्मविश्वासानं की पुस्तक न वाचलेल्या शिक्षकाला खरं वाटावं. तुम्ही पुस्तक वाचलेलं असेल आणि तुमचाच परिच्छेद सोप्या शब्दांत करून हवा असेल, तर विचारा. तरी छापायच्या आधी मोठ्यानं वाचा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण कराच. हे सगळं तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवू नका. बदल्या होतात. शाळेच्या नावानं एक ईमेल काढा, स्टोरीवीव्हरचं खातं आणि ड्राइव्ह त्यावरच ठेवा. फोल्डर इयत्तेप्रमाणे करू नका, कारण तिसरीचं पुस्तक पाचवीला लागतं. पुस्तकाच्या नावानं करा आणि प्रत्येकात पानांचे फोटो, आवाज आणि पोरांनी विचारलेले प्रश्न ठेवा. पेन ड्राइव्हची एक प्रत कपाटात. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहा, आणि बदलला की तिथंही बदला.